हँडल तेवढं राहू दे

"बाकी सगळं नीट कर, हँडल तेवढं राहू दे." तिच्या आईची जुनी चामड्याची पर्स माझ्याकडे देताना मैत्रीण म्हणाली.

मी नेमकी तिथूनच सुरुवात करणार होते! झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं हाताच्या तेलाने, घामाने काळवंडतं. जिथे पकड, तिथे जास्तच.

बाकीचं काम नेहमीचं. धूळ, क्लीनर, कंडिशनरचा पातळ हात. उसवलेली शिवण मात्र जुन्याच भोकांतून घातली. शेजारी नवी भोकं पाडली की चामडं तिथेच फाटतं. (डोळे दुखतात, पण मला हेच काम सगळ्यात आवडतं.)

आता हँडल. साचलेला घाम चामडं कमकुवत करतो, म्हणजे साफ करायला हवं. पण तो काळपटपणा तिच्या आईच्या मुठीचा आहे.

तुम्ही काय केलं असतं?