शून्य-शून्य बघायला दोहाला

तिकिटं काढली तेव्हा दोह्यातला आतेभाऊ फोनवर म्हणाला, "अरे, ब्राझील खेळतंय, अर्जेंटिना खेळतंय, आणि तू न्यू कॅलेडोनिया बघायला येतोयस?"

येतोय. आणि त्याचं मूळ कोलकात्यात आहे.

२०१७ चा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक आपल्याकडे झाला होता. १४ ऑक्टोबरला मी सॉल्ट लेक स्टेडियमवर गेलो ते इंग्लंडची पोरं बघायला. त्याच तिकिटावर जपान विरुद्ध न्यू कॅलेडोनिया हा सामनाही होता, म्हणून बसलो. या बेटवाल्यांनी गुवाहाटीत फ्रान्सकडून ७-१ आणि होंडुरासकडून ५-० असा मार खाल्लेला. जपानने सुरुवातीलाच गोल केला आणि मी भेळवाला कुठे दिसतो का ते शोधायला लागलो. पण ८३ व्या मिनिटाला जेकब जेनोने बरोबरी केली आणि सामना १-१ सुटला. त्यांचा विश्वचषकातला पहिला गुण! ज्यांनी संध्याकाळपर्यंत त्या देशाचं नाव ऐकलं नव्हतं, ती बंगाली मंडळी खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती. मीही.

देश म्हणायचं ते फुटबॉलपुरतं. न्यू कॅलेडोनिया हा पॅसिफिकमधला, फ्रान्सच्या अखत्यारीतला द्वीपसमूह, पण २००४ पासून फिफाचा स्वतंत्र सदस्य. लोकसंख्या तीन लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडचं एखादं जिल्ह्याचं गाव. टीमला 'कागू' म्हणतात. कागू हा तिथला राखाडी पक्षी, त्याला उडता येत नाही. १९९८ चा विश्वविजेता क्रिस्तियाँ कारेम्बू याच बेटांवर जन्मला, पण खेळला फ्रान्सकडून.

तर २०२५ मध्ये याच विश्वचषकाची गटवारी लागली आणि यांच्या गटात पुन्हा जपान. सोबत पोर्तुगाल आणि मोरोक्को. लेक पंधरा वर्षांची, शाळेच्या टीमची गोलकीपर. तिला म्हटलं, चल.

आता जाणाऱ्यांसाठी. २०२९ पर्यंत ही स्पर्धा दरवर्षी कतारमध्येच आहे, तेव्हा घाई नाही. मुंबईहून विमान चार तासांत पोचतं, घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं. भारतीय पासपोर्टवर व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, पण त्यासाठी परतीचं तिकीट आणि 'डिस्कव्हर कतार' या वेबसाइटवरून केलेलं हॉटेल बुकिंग लागतं. नातेवाईकांकडे उतरायचा बेत असेल तर हे आधी वाचा. आम्ही आयत्या वेळी वाचलं, आणि आतेवहिनी अजून रुसलेली आहे. नियम बदलत असतात, निघण्याआधी पुन्हा बघून घ्या.

गटातले सगळे सामने अस्पायर झोनमध्ये होतात, एकाच आवारातल्या आठ मैदानांवर. मेट्रोची गोल्ड लाइन, स्टेशन स्पोर्ट सिटी. एका खेपेला २ रियाल, दिवसाचा पास ६. शुक्रवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते. सामन्यांचं तिकीट दिवसाचं असतं. त्यावर एका मैदानावरून दुसऱ्यावर जाता येतं, पण सामने एकाच वेळी चालू असतात, म्हणून आधी ठरवा काय सोडायचं ते. आणि मैदानाचा नंबर बघून ठेवा. 'टॉर्च टॉवरच्या बाजूला' असं मी लक्षात ठेवलं होतं. तो तीनशे मीटरचा टॉवर सगळ्याच मैदानांच्या बाजूला आहे! पहिल्या दिवशी आम्ही राष्ट्रगीतं कुंपणाबाहेरून ऐकली.

दुपारी टोपी हवीच. पाचच्या आत सूर्य मावळतो, मग हवा छान.

आम्ही पोचण्याआधी, ३ नोव्हेंबरला, कागू पोर्तुगालकडून ६-१ हरले होते. जपानचा सामना गुरुवारी, ६ तारखेला. जपानने आधी मोरोक्कोला हरवलेलं, त्यामुळे हा निकाल लिहूनच ठेवल्यासारखा. मैदानं छोटी असल्याचा फायदा असा की खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. आम्ही मुद्दाम गोलच्या मागच्या बाजूला बसलो. लेक चेंडूकडे बघतच नव्हती, फक्त त्यांच्या गोलीकडे. "बाबा, तो गोलकिकला चेंडू तीनदा ठेवतोय," ती हळूच म्हणाली. खरंच. ठेवायचा, दोन पावलं मागे जायचं, परत पुढे येऊन गवत थोपटायचं, चेंडू वीतभर सरकवायचा. रेफरी बघेपर्यंत पंधरा सेकंद गेलेली. हे सगळ्या गल्लीत चालतं, विश्वचषकातही चालतं. समोर कुणीतरी कनाकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, निळा-लाल-हिरवा झेंडा कठड्याला बांधला होता, मध्ये पिवळं वर्तुळ आणि त्यात घराच्या शेंड्यावर लावतात तो कोरीव खांब. शेवटच्या दहा मिनिटांत बदली खेळाडूंपैकी एकही जण बसलेला नव्हता.

०-०. आठ वर्षांनी, त्याच जपानशी, पुन्हा एक गुण.

रविवारी मोरोक्को. १६-०. या स्पर्धेतला हा आजवरचा सर्वांत मोठा विजय. त्याचा दोष मी मोरोक्कोच्या मुलांना देणार नाही. ते पोर्तुगालकडून ६-० हरले होते, तिसऱ्या क्रमांकावरून पुढे जायला गोलफरक सुधारायला हवा होता आणि त्यांनी तो सुधारला, गेलेही पुढे. ४८ टीम घ्यायच्या आणि तिसऱ्यांना गोलफरकावर निवडायचं, म्हणजे चौथ्याच्या गळ्याशी येणारच. दहाव्या गोलनंतर लेकीने मोजायचं सोडलं. निघूया का विचारलं तर त्यांच्या गोलीकडे बघत म्हणाली, "तो कुठे निघालाय?"

पुढे पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १-० हरवून विश्वचषक जिंकला. ते आम्ही घरी टीव्हीवर पाहिलं.

जाणार असाल तर गटवारी लागल्यावर सगळ्यात लहान टीमचा दुसरा सामना धरा. पहिल्यात पोरं बावरलेली असतात, तिसऱ्यात कुणाला तरी त्यांच्यावर गोलांची रास रचायची असते. आणि या स्पर्धेत मोठ्या सामन्यांसारखा व्हिडिओ रेफरी नव्हता. निर्णय तपासून हवा असेल तर कोच चौथ्या पंचाकडे कार्ड देतो. बाकांच्या बाजूला जागा मिळाली तर ती गंमत जवळून दिसते. करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा, मात्र आवारात शोधत बसू नका, शहरातल्या टपरीवरच प्या. कमी साखर सांगा. तरी गोडच येतो.