सौर वादळ "धडकणार" म्हणतात, पण ते नक्की कळतं कधी?

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतंच, की अमुक तारखेला सौर वादळ येणार, मोबाईल बंद पडणार वगैरे. मला या विषयाचं वेड आहे म्हणून ओळखीतले लोक हमखास मलाच विचारतात, खरं आहे का रे? तर एकदाचं नीट लिहून ठेवतो.

सूर्यावर स्फोट झालेला आपल्याला आठ-साडेआठ मिनिटांत दिसतो, तो प्रकाश असतो. खरा त्रास देतो तो त्यानंतर सुटणारा चुंबकीय प्लाझ्माचा ढग, ज्याला सीएमई म्हणतात, आणि त्याला पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन-चार दिवस लागतात. सोहो यानाचा कॅमेरा सूर्याची तबकडी झाकून आजूबाजूचं बघतो, त्यात ढग निघाला, कुठल्या दिशेला निघाला, वेग किती हे कळतं आणि त्यावरून अमेरिकेतल्या नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेचं केंद्र पोचायची अंदाजे वेळ सांगतं. यात काही तासांची चूक नेहमीचीच.

पण मुख्य गोष्ट या सगळ्यातून कळतच नाही. ढगातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे वळलेलं आहे की दक्षिणेकडे? दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल तर तेवढाच मोठा ढग आला तरी फारसं काही होत नाही. तज्ज्ञ याला बीझेड म्हणतात आणि आज तरी तो खात्रीने मोजता येतो फक्त एल-1 बिंदूपाशी, म्हणजे सूर्य-पृथ्वीच्या मधल्या रेषेवर, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, जिथे यानं ठेवलेली आहेत. तिथून ढग इथे यायला पाऊण तास, फार वेगात असेल तर पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे पक्की सूचना तेवढीच आधी मिळते! तीन दिवस आधी छातीठोक सांगणाऱ्या मेसेजवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

मे 2024 चं उदाहरण घ्या. 3664 नावाचा सूर्यावरच्या डागांचा समूह, रुंदी पृथ्वीच्या साधारण 15 पट, त्यातून एकामागोमाग एक ढग सुटले आणि मागचे पुढच्यांना गाठत गेले. नोआने आधी जी-4 चा, म्हणजे वादळाच्या पाच पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीचा, इशारा दिला, तोसुद्धा 2005 नंतर पहिल्यांदाच. आणि 10 मे ला प्रत्यक्षात झालं जी-5, म्हणजे सगळ्यात वरची पायरी, 2003 नंतर पहिल्यांदा. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो बघून मी कितीतरी वेळ नुसता बघतच बसलो होतो. अमेरिकेत तेव्हा पेरणीचे दिवस होते, जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटायला लागले म्हणून कित्येक शेतकऱ्यांना काम थांबवावं लागलं.

आपलं आदित्य-एल1 जानेवारी 2024 पासून एल-1 भोवती फिरतंय, त्यावर मॅग्नेटोमीटर आहे आणि सूर्याचे अतिनील फोटो काढणारी सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने बनवलेली आहे. याचा मला खरंच अभिमान वाटतो.

पण त्याहून जास्त अभिमान वाटतो तो कुलाब्याचा. 1 सप्टेंबर 1859 ला कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर तो प्रसिद्ध स्फोट बघितला आणि साडेसतरा तासांत ढग पृथ्वीवर आला. इंग्लंडमधल्या ग्रीनिच आणि क्यू वेधशाळांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची फोटोच्या कागदावर उमटणारी रेषा कागदाबाहेरच गेली. कुलाबा वेधशाळेत मात्र माणसं डोळ्यांनी वाचन घेत होती, एरवी तासातासाला, वादळ सुरू झाल्यावर काही काही मिनिटांनी, आणि हाताने वहीत लिहीत होती. चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या भागात साधारण 1600 नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घट त्यांनी नोंदवली. मे 2024 ला जगभरचा निर्देशांक साधारण 400 ने खाली गेला होता. एका जागेचा आकडा आणि जगाची सरासरी यांची थेट तुलना होत नाही हे मान्य, पण अंदाज येतो. त्या वहीवरून 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा हिशोब मांडला, म्हणून आज "सगळ्यात वाईट काय होऊ शकतं" या प्रश्नाला काहीतरी आकडा आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने वाचनं बिघडतील म्हणून नानाभाई मूस यांनी 1904 ला अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच मोजमाप घेतलं, नोंदींची साखळी तुटू नये म्हणून. किती दूरचा विचार! ती अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते.

आता सूर्याचं 25 वं चक्र (डाग वाढायचं-कमी व्हायचं साधारण अकरा वर्षांचं) कळस गाठून उतरणीला लागलंय, पण उतरणीतही मोठी वादळं येतात, ऑक्टोबर 2003 चं तसंच होतं. त्यामुळे पुढचा मेसेज आला की तारीख बघू नका, नोआच्या पानावर बीझेडचा आलेख उघडा, तो तासनतास खोल उणे (म्हणजे दक्षिणेकडे) राहिला आणि सौर वाऱ्याचा वेग सेकंदाला 700-800 किलोमीटरच्या वर गेला तर मला लगेच फोन करा, रात्री दोन वाजता केला तरी चालेल.