वावरातले जंतू आणि कोठ्यातले जंतू

सध्या नागपूरच्या आजूबाजूला कुठल्याही कृषी केंद्रात जा, काउंटरवर बियाण्याच्या थैल्यांच्या बाजूला जिवाणूंच्या पुड्या आणि बाटल्या मांडलेल्या दिसतात. सोयाबीन-हरभऱ्यासारख्या पिकांना नत्र (नायट्रोजन) देणारं रायझोबियम, स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारं पीएसबी, रोगाच्या बुरशीवर चालणारा ट्रायकोडर्मा, कोणाकडे ईएम नावाचं जंतूंचं मिश्रण, कोणाकडे नुसतंच "कल्चर", आणि गाईम्हशींसाठी यीस्टच्या पुड्या वेगळ्या. आमचं वावर कळमेश्वरकडे, ते दादा-वहिनी पाहतात आणि मी नागपुरात राहून जमेल तसं जातो, त्यामुळे नातेवाईकांत कोणालाही काही घ्यायचं असलं की फोन मला येतो आणि प्रश्न ठरलेला, "हे खरंच चालते का गा, की नुसतं पाणी विकून राहिले?"

चालते. पण जिवंत असलं तरच चालते, आणि आपली सगळी गडबड तिथंच होते. युरिया उन्हात पडला काय आणि सावलीत पडला काय, युरियाच राहतो. रायझोबियमचं तसं नाही, ते आपल्या ढोरांसारखं आहे, त्याला सावली लागते, ओल लागते, खायला लागते, नाहीतर ते मरते आणि पुडीत उरते नुसती काळी भुकटी. मागच्या मे महिन्यात एका दुकानात पाहिलं, टिनाच्या शेडखाली खोके रचून ठेवलेले, बाहेर पारा ४५ च्या वर, आत तर भट्टीच. त्यातली पुडी जूनमध्ये कोणीतरी शंभर-दीडशे रुपयांत नेणार, बियाण्याला चोळणार, आणि दिवाळीत सांगणार की जिवाणू खत फालतू असते. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो, कारण शेतकऱ्याचा अनुभव खोटा नसतो, त्याच्या हातात आलेला मालच मेलेला असतो.

आता सोयाबीनचंच घ्या. पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी, फुलं लागायच्या सुमारास एक झाड उपटून पाहा. उपटून म्हणजे धरून ओढून नाही, ओढलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि मग वाटतं गाठी आल्याच नाहीत. खुरप्यानं ढेकळासकट काढायचं, बादलीत बुडवून हळूहळू माती सोडवायची. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील, त्यातली एक नखानं फोडायची. आतून गुलाबी, लालसर निघाली म्हणजे काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, तो तिथला ऑक्सिजन ताब्यात ठेवतो आणि जिवाणूला हवेतला नत्र पकडता येतो. हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण झाडाला तो सरळ घेता येत नाही, जिवाणू तो करून देतो आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतो. गाठ आतून पांढरी निघाली तर ती रिकामी बसली आहे, हिरवट-तपकिरी निघाली तर तिचं काम संपलं. वहिनी दरवर्षी हे करून पाहते, आणि गाठी चांगल्या दिसल्या की दादाला युरिया टाकू देत नाही. ती बरोबर करते, कारण जमिनीत आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरायचं कमी करते.

ज्याचा त्याचा रायझोबियम वेगळा असतो हे पण दुकानात कोणी सांगत नाही. सोयाबीनचा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा, तुरीचा वेगळा. खरिपातली उरलेली सोयाबीनची पुडी रब्बीत हरभऱ्याला लावली तर हरभरा तिला ओळखणार पण नाही. आणि लावायचा क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू, साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाचं पाणी पूर्ण थंड करून त्यात कालवायचं, आणि सोयाबीन असेल तर हातानं रगडायचं नाही. सोयाबीनचं टरफल फार नाजूक, घासलं की निघून येते आणि उगवण जाते, मग दोष पुन्हा जिवाणूवर. ताडपत्रीवर पसरून वरून शिंपडायचं आणि ताडपत्रीची टोकं धरून दोघांनी बी इकडून तिकडे लोळवायचं, एवढंच. सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं.

पीएसबीबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्या इकडच्या काळ्या जमिनीत चुना भरपूर, पीएच बऱ्याच ठिकाणी ८ च्या आसपास, त्यामुळे डीएपी खतातला स्फुरद टाकला की त्यातला बराचसा कॅल्शियमसोबत बांधला जातो आणि तिथंच पडून राहतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि त्यातला काही मोकळा करतात. काही म्हणतोय मी, सगळा नाही. "हे टाका आणि डीएपी पूर्ण बंद करा" असं जो सांगेल त्याच्यावर माझा विश्वास नाही, माती परीक्षण करून थोडं थोडं कमी करत जावं.

संत्र्याकडे मात्र जरा थांबून पाहायला पाहिजे. काटोल, नरखेड, वरूडकडे जांभेरी खुंटावर कलम केलेल्या बागा आहेत आणि डिंक्यानं, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायच्या रोगानं, किती झाडं गेली हे तिकडच्या कोणालाही विचारा. डिंक्या आणि मूळकूज करणारी फायटोप्थोरा ही पाण्यावर जगणारी, पाण्यातून पोहत जाणारी जात आहे, त्यामुळे बुंध्याला पाणी लागलं की तिला रस्ताच मिळतो. लोक ट्रायकोडर्मा आणतात, तो चांगलाच आहे, तो रोगाच्या बुरशांवर चढतो, त्यांचं खाणं पळवतो, पण पाटानं पाणी सोडून बुंधा भिजत ठेवायचा आणि वरून ट्रायकोडर्मा ओतायचा याला काही अर्थ नाही. आधी दुहेरी आळं करा म्हणजे पाणी बुंध्यापासून लांब राहील, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बोर्डो मलम लावा, आणि ट्रायकोडर्मा शेणखतातून द्या. साधारण १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो मिसळायचा, पाणी शिंपडून ओलसर करायचं, सावलीत झाडाखाली ढीग लावून पोतडं झाकायचं, १०-१५ दिवस. ढीग उघडला की आत हिरवट-पांढरी बुरशी धरलेली दिसते, असं खत आळ्यात गेलं की ट्रायकोडर्मा आपला डबा सोबत घेऊनच जातो. आणि त्याच आठवड्यात कार्बेन्डाझिमची आळवणी करू नका, ती बुरशी मारणारी आणि हा पण बुरशीच आहे.

मायकोरायझा म्हणजे मुळांसोबत राहणारी बुरशी, तिचं नाव बागायतदार कमी घेतात, पण संत्र्याच्या मुळांना केसमुळं फार कमी असतात, त्यामुळे हे झाड या बुरशीवर इतर झाडांपेक्षा जास्त अवलंबून आहे. तिचे धागे मुळांच्या पुढे लांबवर जाऊन स्फुरद, जस्त ओढून आणतात. रोपवाटिकेतच पिशवीत दिली तर सगळ्यात चांगलं, कारण ती मुळात शिरून राहते. दहा वर्षांच्या झाडाला आता वरून भुकटी टाकून तसा गुण येत नाही. स्फुरदाचा मारा जास्त झाला तरी झाड तिला जवळ करत नाही.

आता कोठा, म्हणजे ढोरांचा गोठा, आणि मला खरं बोलायचं आहे ते इथलं. गाय कुटार (भुसा) खाते, कडबा खाते, पण ते गाईला पचत नाही बावा, गाईच्या शरीराकडे तो पाचक रसच नाही. पचवतात ते कोठीपोटातले जंतू. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर-दीडशे लिटरच्या टाकीएवढं, आणि त्यातल्या एका मिलीलिटर पाण्यात जिवाणूच हजार कोटींच्या घरात, शिवाय आदिजीव आणि बुरशा वेगळ्या. ते चारा आंबवून जी आम्लं करतात त्यातूनच गाईला तिच्या ऊर्जेचा साधारण ७० टक्के भाग मिळतो. आणि मग हेच जंतू पुढं वाहत पोटाच्या चौथ्या कप्प्यात जातात आणि गाय त्यांनाच पचवून प्रथिनं घेते. म्हणजे आपण चारा गाईला घालतो असं वाटते, पण घालतो जंतूंना आणि गाय जंतूंवर जगते. गवळाऊ असो, नागपुरी म्हैस असो की जर्सी, हिशेब एकच.

हे एकदा डोक्यात बसलं की कोठ्यातल्या कितीतरी गोष्टी आपोआप समजतात. चारा बदलायचा तर १०-१५ दिवस घेऊन हळूहळू का बदलायचा, तर जंतूंची वस्ती बदलायला तेवढा वेळ लागतो. लग्नसराईत मंगल कार्यालयातून उरलेला भात, पुऱ्या, बुंदी टोपलं भरून गाईपुढे ओतली जाते, पुण्य म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी गाय बसते ती उठत नाही. झालेलं असं असते की एवढ्या पिष्टावर आणि साखरेवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू भसाभस वाढतात, कोठीपोटाचा पीएच साडेपाचच्या खाली जातो, चारा पचवणारे मरतात, आणि आम्ल रक्तात जाते. कृपा करून हे थांबवा, घरच्या बायामाणसांना सांगा, कॅटररवाल्यांना सांगा. गाईचं पोट फुगलं, जुगाली (रवंथ) थांबली, शेण पातळ आणि आंबूस वासाचं आलं तर घरगुती काही पाजत बसू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा.

आणि याच्यातलीच मला फार विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे, त्याच लॅक्टिक आम्लवाल्या जिवाणूंच्या भरवशावर आपण मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, करतो. मका दुधाळ चिकात असताना कापायचा, अर्धा-एक इंच कुट्टी करायची, बॅगेत थरावर थर पायानं दाबून दाबून भरायची, हवा राहू द्यायची नाही, तोंड घट्ट बांधायचं, आणि ४५ दिवस हात लावायचा नाही. आत तेच जिवाणू पीएच ४ च्या आसपास आणतात आणि सडवणारे सगळे गप्प होतात. बॅग उघडली की आंबटगोड वास आला पाहिजे आणि रंग पिवळसर-हिरवा पाहिजे. काळं पडलं असेल, बुरशीचे गोळे दिसत असतील तर तेवढं उकिरड्यावर टाका, दुभत्या गाईला देऊ नका. बॅगेत जो जीव आपला चारा वाचवतो तोच गाईच्या पोटात बेसुमार वाढला तर गाय मारतो, म्हणून "चांगले जंतू" म्हणून बाटलीवर लिहिलं एवढ्यावर जाऊ नये, कुठं आणि काय खायला घालून, ते पाहावं. आपल्याकडे मार्चनंतर हिरवा चारा संपतो, तूर-हरभऱ्याच्या कुटारावर ढोरं निघतात, तेव्हा हा मुरघास दुधासाठी जेवढा कामाचा तेवढी कुठली पुडी नाही.

यीस्टच्या पुड्यांचं विचाराल तर ती सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पावाचीच जात. ती कोठीपोटात आलेला थोडाफार ऑक्सिजन वापरून टाकते, पीएच सांभाळायला मदत करते, आणि भरपूर ढेप-खुराक खाणाऱ्या जास्त दुधाच्या गाईला तिचा उपयोग दिसतो. पण दोन-तीन लिटरच्या कुटार खाणाऱ्या गाईला पुडी आणण्याआधी चोवीस तास स्वच्छ पाणी, खनिज मिश्रण आणि रोज थोडा हिरवा चारा, हे करा, पैसा तिथं लावा. जुने गुराखी चांगल्या गाईच्या तोंडातली जुगाली काढून आजारी गाईला खाऊ घालायचे, लोक हसायचे, पण त्यात तथ्य होतं, आता डॉक्टर निरोगी जनावराच्या कोठीपोटातलं पाणी नळीनं पाजतात ते त्याच कारणासाठी. तोंडावाटे अँटिबायोटिक दिली तर ती आधी याच वस्तीवर पडते, म्हणून डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून गोळ्या आणून चारू नका.

मग शेण. तेच कोठ्याला वावराशी जोडते आणि तेच आपण मे महिन्याच्या उन्हात उघडं टाकून वाळवतो, नाहीतर अर्धकच्चं वावरात नेतो आणि सोबत मुळं खाणारी हुमणी अळी नेतो. सावलीत ढीग लावा, ओल टिकवा, मधूनमधून पलटवा, ढीग आतून ६० अंशांपर्यंत तापला पाहिजे. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रानं काढलेलं वेस्ट डिकंपोजर २०० लिटर पाण्यात २ किलो गुळासोबत वाढवून ढिगावर मारता येते. जीवामृत तर आपल्या बाजूच्या अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलं, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. माझं मत असं की ते खत नाही, विरजण आहे. ओल्या, पालापाचोळ्यानं झाकलेल्या जमिनीत संध्याकाळी दिलं तर लागते, उघड्या तापलेल्या मातीवर दुपारी ओतलं तर वाया जाते. जपानच्या ओकिनावामधल्या तेरुओ हिगा यांच्या ईएमचंही तेच, आत लॅक्टिक जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषक जिवाणू असतात, कोठ्यातला वास कमी करायला लोक ते शिंपडतात, ठीक आहे, पण पिकाला, गाईला, विहिरीला, सगळ्याला एकच बाटली पुरते म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

घेताना पाकिटावर हे पाहा. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत, भुकटी असेल तर ग्रॅममागे ५ कोटी आणि द्रवरूप असेल तर मिलीलिटरमागे १० कोटी जिवंत पेशी पाहिजेत. ट्रायकोडर्मा हे पिकाच्या औषधात मोडते, त्याच्यावर सीआयबीचा (केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा) नोंदणी क्रमांक पाहिजे आणि ग्रॅममागे किमान २० लाख. तयार केल्याची तारीख, मुदत, पिकाचं नाव वाचा, जमलं तर द्रवरूप घ्या, ते जास्त टिकते. आपल्या नागपुरात महाराजबागेचं कृषी महाविद्यालय आहे, लिंबूवर्गीय आणि कापूस या दोन्हींच्या केंद्रीय संस्था आहेत, जनावरांसाठी माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, एवढं दारात असताना दुकानदाराला विचारून निर्णय घ्यायचं काही कारण नाही, जा आणि विचारा, लोक सांगतात. एप्रिल-मेमध्ये आणून ठेवू नका, पेरणीच्या चार-सहा दिवस आधी आणा, पक्कं बिल घ्या, येताना गाडीच्या डिक्कीत न टाकता ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, आणि घरी माठाजवळ, औषधांच्या डब्यांपासून लांब ठेवा.