ठिपके गेले, रोग नाही

नवीन आणलेल्या दोन प्लॅटी (छोटे शोभेचे मासे) थेट माशांच्या मोठ्या टँकमध्ये सोडल्या. दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायच्या असतात हे माहीत होतं, पण कंटाळा केला. सहाव्या दिवशी काळ्या मॉलीच्या शेपटीवर बारीक मीठ भुरभुरावं तसे पाच ठिपके दिसले. काळ्या माशावर होते म्हणून दिसले तरी. निऑन टेट्रावर मला कळलेही नसते. प्लॅटी खाली जाऊन वाळूवर कूस घासत होत्या. माशांचा व्हाइट स्पॉट रोग, म्हणजेच इच.

औषध टाकलं, पाणी हिरवं-निळं झालं. सकाळी बघतो तर पुन्हा नितळ! मला वाटलं, औषध लागू पडलं. खरं तर फिल्टरमधल्या कार्बनने ते रातोरात शोषून घेतलं होतं. चौथ्या दिवशी ठिपके गेले आणि मी खूश होऊन औषध बंद केलं. पुढच्या आठवड्यात तिप्पट ठिपके, आता निऑनवरही. एक निऑन तर अंगावर एकही ठिपका नसताना धापा टाकत गेला. जंतू आधी कल्ल्यांत शिरला असणार.

मग शांतपणे वाचलं. तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून वाढणारा एकपेशीय जंतू. तिथे त्याला औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला चिकटतो, त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात. औषध, मीठ काहीही टाका, ते लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. म्हणजे माझे ठिपके ‘बरे’ झालेच नव्हते, खाली पडले होते.

दुसऱ्या खेपेला औषधाच्या वाटेला गेलो नाही. पाणी २६ अंशांवरून ३० वर नेलं, दिवसाला एकच अंश. उष्णतेने जंतूचं चक्र भराभर फिरतं आणि ३० च्या आसपास त्याची वाढ बहुतेक थांबते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवला. मीठ लिटरला फक्त १ ग्रॅम, कारण तळाला कोरी जातीचे दोन मासे आहेत आणि त्यांना जास्त मीठ सोसत नाही. टँक ६० लिटरचा, पण वाळू-दगड वजा जाता पाणी ५० लिटरच, म्हणून ५० ग्रॅम. तेही बाहेर विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं. पाणी आटलं की साधंच पाणी घालायचं. मीठ वाफेबरोबर उडत नाही. हे गणित मी पहिल्यांदा चुकलोच होतो.

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे एक दिवसाआड वाळूत सायफनची नळी घालून तळ उपसणं. पण मला वाटतं, खरा फरक त्यानेच पडला. जंतू तिथेच चिकटलेले असतात.

शेवटचा ठिपका नवव्या दिवशी गेला. यावेळी आणखी दोन आठवडे तसंच चालू ठेवलं, मग हळूहळू पाणी बदलत मीठ काढलं आणि तापमान उतरवलं. दुसऱ्या टँकसाठी जाळी आणि नळी वेगळी घेतलीये. ओल्या जाळीतूनही हा पाहुणा प्रवास करतो.