थांबवलेला शाफ्ट पुन्हा फिरवला तेव्हा

मंगळवारी सकाळी गोदीतलं पाणी उतरलं आणि बोटीचा डावा पंखा उघडा पडला. पंखा फिरवणाऱ्या शाफ्टभोवती, म्हणजे दांड्याभोवती, दोरखंड गुंडाळला होता, घासून तापल्यामुळे त्याचं नायलॉन वितळून दगडासारखं झालं होतं. पंख्याच्या पुढे शाफ्टला आधार देणारा ब्रॅकेट बुडाशी तडकलेला. १५० मिलिमीटर जाडीच्या शाफ्टला बेअरिंगमध्ये नवी फट साधारण १ मिलिमीटर ठेवतात. इथे फट मोजणाऱ्या फीलर गेजच्या पातळ पात्या एकावर एक धरून ५ मिलिमीटर भरल्या, तरी त्या अडखळल्या नाहीत.

आत इंजिनरूममध्ये ग्लँडच्या, म्हणजे शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथलं पाणी अडवणाऱ्या जोडाच्या, पॅकिंगच्या चिंध्या झालेल्या. लॉगबुकात साधी नोंद होती: हादरे जाणवले, डावा शाफ्ट थांबवला, वीस मिनिटांनी पुन्हा चालू करून पाहिला, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी. वीस मिनिटं शाफ्ट बंद असताना पाण्याचा उल्लेख नाही.

ही नोंद वाचल्यापासून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ डोक्यातून जात नाही.

१० डिसेंबर १९४१, मलायातल्या कुआंतानजवळचा समुद्र. ब्रिटिश युद्धनौका ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि तिच्या सोबतची ‘रिपल्स’ जपानी विमानांनी बुडवल्या. दोन्ही मिळून ८४० माणसं गेली. या घटनेबद्दल बोलणारे बहुतेक जण ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल फिलिप्स आणि सोबत नसलेलं विमानवाहू जहाज यापुढे सरकत नाहीत. ते मुद्दे खरेच आहेत. पण नवंकोरं जहाज एका टॉर्पेडोने इतकं पांगळं कसं झालं, ते शाफ्टकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तिकडे फारसं कुणी पाहत नाही.

बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत १ जानेवारी १९३७ ला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चा कणा घातला. मे १९३९ मध्ये ती पाण्यात उतरली आणि मार्च १९४१ च्या अखेरीस पूर्ण झाली. १४ इंची दहा तोफा, आठ बॉयलर, चार शाफ्ट. मे महिन्यात जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’शी गाठ पडली तेव्हा तोफांचे बुरूज दुरुस्त करणारे कारखान्याचे कामगार अजून जहाजावरच होते. त्या लढाईत तिला सात गोळे लागले, तिनेही ‘बिस्मार्क’ला तीन मारले. ऑगस्टमध्ये चर्चिल हिच्यावरूनच रूझवेल्टना भेटायला न्यूफाउंडलंडला गेले. २ डिसेंबरला ती सिंगापूरला पोचली. पूर्ण झाल्यापासून बुडेपर्यंत नऊ महिनेही भरले नाहीत.

तिच्या कुशीचं संरक्षण १,००० पौंड स्फोटकांचा धक्का सोसेल अशा हिशोबाने आखलं होतं. जपानी विमानांच्या टॉर्पेडोत दीडशे ते दोनशे किलो स्फोटकं असत, म्हणजे त्या हिशोबाच्या निम्म्याहूनही कमी. पण शाफ्ट जिथे पोलादी कवचाबाहेर पडून पाण्यात जातो, तिथे ही थरांची रचना नसते, असूही शकत नाही. शाफ्टसाठी जहाजाला आपणच भोक पाडतो आणि ते पॅकिंगने बुजवतो.

हे पॅकिंग बसवण्याचं काम बाहेरून क्षुल्लक वाटतं. चरबी लावलेल्या दोरीची कडी तिरकी कापायची, प्रत्येक कड्याचा सांधा आधीच्या कड्याच्या सांध्यापासून फिरवून बसवायचा. ग्लँडचे नट समोरासमोरचे, पाव-पाव फेऱ्याने आवळायचे. शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पाणी पडलंच पाहिजे, त्यानेच पॅकिंग थंड राहतं. थेंब दिसले की पान्हा उचलून नट आवळणारे गोदीत पुष्कळ आहेत. मग पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर चर पडतो. एवढं सगळं नीट केलं तरी ते शाफ्ट सरळ फिरेल याच भरवशावर. बाहेरचा आधार गेला की पंख्याच्या वजनाने शाफ्ट हेलकावे घेत फिरतो. तो पॅकिंग फेकून देतो आणि बल्कहेडमधली, म्हणजे जहाजातल्या आडव्या भिंतींमधली, भोकं मोठी करत जातो.

‘प्रिन्स ऑफ वेल्स’वर नेमकं हेच झालं. ११ वाजून ४४ मिनिटांच्या सुमारास डाव्या बाजूला, मागे, बाहेरच्या शाफ्टच्या ब्रॅकेटपाशी टॉर्पेडो लागला. जहाज तेव्हा २५ नॉट्सच्या वेगात होतं. हा शाफ्ट फिरवणाऱ्या ‘बी’ इंजिनरूमची जबाबदारी लेफ्टनंट वाइल्डिश यांच्याकडे होती. शाफ्ट थांबवण्यात त्यांना यश आलं. नंतर तो पुन्हा फिरवून पाहिला आणि शाफ्टच्या बोगद्यातून पाणी इंजिनरूममध्ये घुसलं. हा बोगदा सुमारे ७३ मीटर लांब, जहाजाच्या पोटातून सरळ पुढे येणारा. मागच्या टोकाचं पाणी त्याने यंत्रांपर्यंत आणून सोडलं.

सुमारे २,४०० टन पाणी आलं, जहाज डावीकडे साडेअकरा अंश कललं आणि वेग १६ नॉट्सवर उतरला. डिझेल जनित्राची खोली बुडाली, मागच्या भागाची वीज गेली. वीज गेली म्हणजे पाणी उपसणारे पंप गेले, सुकाणूचं यंत्र गेलं, विमानविरोधी तोफांचे बुरूज फिरेनात. माणसांना एकमेकांशी फोनवर बोलता येईना. त्यानंतर उजव्या बाजूला आणखी तीन टॉर्पेडो लागले, ते या लुळ्या पडलेल्या जहाजाला. सव्वा वाजून गेल्यावर ती उलटून बुडाली. ‘एक्स्प्रेस’ ही विनाशिका अगदी खेटून उभी राहिली, म्हणून शेकडो जण वाचले. फिलिप्स आणि जहाजाचे कप्तान लीच दोघेही गेले.

आज ती ६८ मीटर खोल, उलटी पडली आहे. २००७ मध्ये खाली उतरलेल्या गोताखोरांना डाव्या बाहेरच्या शाफ्टचा ब्रॅकेट निखळलेला आढळला. भंगारचोरांनी त्या समाधीलाही सोडलेलं नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

वाइल्डिश यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. डोक्यावर विमानं, चारांतला एक शाफ्ट बंद, आणि जहाजाला वाचवायला वेगच हवा. इंजिनरूममध्ये उभ्या माणसाला बाहेरचा ब्रॅकेट दिसत नाही. त्याला दिसतो फक्त थांबलेला, वरवर धड वाटणारा शाफ्ट. कोरड्या गोदीत टॉर्च घेऊन मला जे पाच मिनिटांत दिसलं, ते पाहायची सोय त्यांना नव्हती. तरी मनात येतं, शाफ्ट तसाच राहू दिला असता तर ग्लँड थोडी गळली असती. पंप चालू राहिले असते. पण पुढचे तीन टॉर्पेडो मग कुठे लागले असते, हे मला ठरवता येत नाही.

आमच्या बोटीवर टॉर्पेडो नव्हता, घाई नव्हती, उजवं इंजिन उत्तम चाललं होतं. तिथे शाफ्टला लॉक लावून हळूहळू बंदरात यायला काहीच हरकत नव्हती. बुधवारी शाफ्ट काढून लेथवर चढवला. शाफ्टचा वाकडेपणा मोजणाऱ्या डायल गेजची सुई एका फेऱ्यात ३ मिलिमीटर हलली. ग्लँडखालच्या जागी नख अडकेल इतका खोल चर होता, आणि त्यात निळं नायलॉन चिकटलेलं.