टॉवर नसलेला विमानतळ : उड्डाणनोंद, तास ४१ ते ४४

मागच्या नोंदीत आडव्या वाऱ्यातल्या लँडिंगविषयी लिहिले होते. ते अजून म्हणावे तसे जमत नाही, आणि त्याबद्दल नवे सांगण्यासारखेही काही नाही. विमान चालवायला शिकतानाच्या या चार तासांत माझे लक्ष धावपट्टीवरून तिच्याभोवतीच्या आकाशाकडे वळले, त्याला ४२ व्या तासातला एक प्रसंग कारणीभूत झाला.

टॉवर नसलेल्या विमानतळावर उतरण्याची परवानगी देणारे कोणी नसते. जमिनीपासून साधारण १००० फुटांवर, बहुधा डावी वळणे घेत, सर्वांनी धावपट्टीभोवती एकाच चौकटीत (सर्किटमध्ये) फिरायचे आणि आपण कुठे आहोत हे सामायिक फ्रिक्वेन्सीवर आपणच सांगायचे, अशी ही व्यवस्था आहे. त्या दिवशी मी डाउनविंडवर (चौकटीची धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेची बाजू) धावपट्टीच्या टोकाशी समांतर येऊन पॉवर कमी करत असतानाच कोणीतरी स्ट्रेट-इन, म्हणजे चौकटीत न फिरता थेट धावपट्टीच्या रेषेत, येत असल्याचे आणि तीन मैलांवर असल्याचे जाहीर केले. तीन मैल म्हणजे पुष्कळ अंतर, असे समजून मी नेहमीप्रमाणे बेसकडे (धावपट्टीच्या रेषेकडे काटकोनात नेणाऱ्या बाजूकडे) वळले. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, वळण्यापूर्वी उजवीकडे पाहिले, तेव्हा दोन इंजिनांचे एक विमान जवळपास माझ्याच उंचीवर, काचेच्या एका जागी चिकटवल्यासारखे दिसले. ते सरकत नव्हते, नुसते मोठे होत होते. आणि जे विमान काचेवर सरकत नाही, तेच टक्करीच्या मार्गावर असते. फायनलची रेषा गाठण्याआधीच डावीकडे वळून, धावपट्टीला समांतर राहत आम्ही गो-अराउंड केला, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढलो. थ्रॉटल पुढे ढकलणारा हात माझा नव्हता, प्रशिक्षकांचा होता, हेही येथे नोंदवून ठेवते.

खाली उतरल्यावर हिशेब मांडला. १२० नॉट (तासाला १२० सागरी मैल) वेगाने तीन सागरी मैल कापायला ९० सेकंद लागतात. पुढच्या दोन उड्डाणांत मी घड्याळ लावून पाहिले, तर धावपट्टीच्या टोकाशी समांतर असल्यापासून प्रत्यक्ष टोकावर येईपर्यंत मलाही दीड ते पावणेदोन मिनिटे लागतात. म्हणजे मला 'पुष्कळ' वाटलेले अंतर नेमके भेट घडवून आणणारे होते. तोच वेग १८० नॉट असता, तर त्या विमानाला एक मिनिट पुरले असते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे साधारण त्याच वेगाने स्ट्रेट-इन आलेले सेस्ना ३४० आणि सर्किटमधले सेस्ना १५२ फायनलवर आदळले व तिघांचा मृत्यू झाला. दोन्ही वैमानिक एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगत होते. फायनलवरच्या विमानाला अग्रक्रम असतो, दोघे उतरत असतील तर खालच्याला असतो, पण त्याचा फायदा घेऊन मध्ये घुसू नये, असा अमेरिकी नियम आहे. मात्र त्यावरचा वाद जमिनीवर उतरल्यानंतरच घालता येतो.

रेडिओवर किती विसंबावे, याचे उत्तर मला १९९६ च्या अमेरिकेतील क्विन्सी येथील अपघातात मिळाले. उतरणाऱ्या बीच १९०० या छोट्या प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी, छेदणाऱ्या धावपट्टीवरचे किंग एअर हे विमान थांबणार आहे ना, असे विचारले. उत्तर आले, पण ते किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या चेरोकी या लहान विमानाकडून. शिवाय त्यातला काही भाग कॉकपिटमधल्या इशाऱ्याच्या आवाजात बुडाला. ते उत्तर किंग एअरचेच समजले गेले. किंग एअरने उड्डाणासाठी धाव घेतली आणि १४ जणांचा जीव गेला. तेव्हापासून कोणाचाही संदेश ऐकला की त्यातले नाव नेमके कोणाचे, हे आधी पक्के करण्याची सवय लावते आहे.

४३ व्या तासापासून गुडघ्यावरच्या वहीत प्रत्येक संदेशापुढे अंतर न लिहिता मिनिटे लिहू लागले. ऐकताना जागेचे चित्र अजून उशिरा उमटते, विशेषतः बोलणारा माझ्या पाठीमागे असेल तेव्हा. नजरेची शिस्त वेगळीच अवघड आहे: सुमारे १० अंशांचा एकेक तुकडा घेऊन त्यावर निदान सेकंदभर थांबायचे. वस्तू दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद जातात, असा अमेरिकी हवाई प्रशासनाचा ठोकताळा आहे. त्यापुढे नजर भिरभिर फिरवणे फुकट वाटते. आमच्या विमानाचे पंख वर असल्यामुळे वळताना आतल्या बाजूचा पंख नेमके तेच आकाश झाकतो, म्हणून आता वळण्याआधी तो किंचित उचलून पाहते. सर्किटमध्ये टॅब्लेटवरची वाहतूक पाहण्यास प्रशिक्षकांनी तूर्त मनाई केली आहे. मला ते पटते, कारण आपली जागा कळवणारा ट्रान्समीटर नसलेली जुनी विमाने त्यात उमटतच नाहीत आणि पडदा रिकामा दिसला की मान वळेनाशी होते.

४४ व्या तासात पुन्हा एक स्ट्रेट-इन आले. या वेळी मी त्याचा वेग विचारला, डाउनविंड लांबवला आणि ते विमान डोळ्यांनी दिसून माझ्या बाजूने पुढे गेल्यावरच बेसकडे वळले. शाबासकी अपेक्षित होती, पण ऐकावे लागले ते वेगळेच: डाउनविंड इतका लांबला होता की माझ्या मागच्या विमानाला मी कुठे गेले हेच कळत नव्हते, आणि आपण तो लांबवत आहोत हे मी रेडिओवर सांगितलेच नव्हते. ४५ व्या तासाच्या पानावर तेवढे एकच वाक्य लिहून ठेवले आहे.