रिपोर्ट नॉर्मल, मग छाती का वाढली?

अमळनेरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढण्यात माझी 28 वर्षं गेली. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. तरी दर महिन्याला कुणीतरी काउंटरवर वाकतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, "भाऊ, रिपोर्ट तं नॉर्मल शे. मंग आंडोरनी छाती काबर वाढी ऱ्हायनी?" आंडोर म्हणजे मुलगा, आणि छाती वाढणं म्हणजे पुरुषाची स्तनाची ग्रंथी बाईसारखी वाढणं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

बाईचं हार्मोन पुरुषाच्या अंगात असतंच. इस्ट्रोजेन सगळ्यांना लागतं, हाडांना तर लागतंच लागतं. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉनचाच काही भाग त्यात बदलतो. हे काम अरोमाटेज नावाचं एन्झाइम करतं आणि ते चरबीत भरपूर असतं. छातीतली ग्रंथी या दोघांपैकी कोण वरचढ आहे ते बघते. म्हणून दोन्ही आकडे आपापल्या हद्दीत असले, तरी त्यांचं एकमेकांशी प्रमाण बिघडलेलं असू शकतं. रिपोर्टवर प्रत्येक आकड्यासमोर त्याची हद्द छापलेली असते, दोघांचं नातं कुठेच छापलेलं नसतं.

वयात येणाऱ्या पोरांचं सगळ्यात सोपं. तेरा-चौदाच्या सुमारास निम्म्याच्या आसपास मुलांना थोडंफार होतं. बोंडाखाली रबरासारखी चकती लागते, दाबलं की दुखतं. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांचं आपोआप बसतं. मला झालं होतं. विहिरीवर सगळी पोरं उघडी, मी एकटा सदरा घालून पायऱ्यांवर. शाळेत पीटीच्या सरांनी रांगेसमोर जे नाव ठेवलं ते इथे लिहीत नाही. त्या दिवसांत कुणी एवढं जरी म्हटलं असतं की होतं रे असं, जाईल, तरी पुष्कळ झालं असतं.

आता याच पोरांच्या रिपोर्टची गंमत. मोठ्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. पुष्कळ छापील कागदांवर तेरा वर्षांच्या पोरासमोरही हीच हद्द येते आणि पोरगा 'कमी' ठरतो. आई रडवेली होते. अरे, तो अजून अर्ध्या वाटेवर आहे! शिवाय टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, म्हणून रक्त आठ ते दहाच्या दरम्यान द्यायचं. दुपारची एसटी पकडून चार वाजता येणाऱ्याचा आकडा कमी दिसला तर नवल नाही. इस्ट्राडिओलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकाराचं, तर बोलूच नका. आपल्याकडच्या नेहमीच्या मशीनवर पुरुषाच्या रक्तातलं इतकं थोडं इस्ट्राडिओल अचूक मोजणं अवघड जातं. त्यात केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर हार्मोनचे कितीतरी आकडे खोटे येतात. रक्त देण्याआधी ते सांगायचं असतं, सांगत कुणी नाही.

म्हणून मी आकड्यांआधी विचारतो, खातोस काय? जेवणाचं नाही, गोळ्या-इंजेक्शनांचं. जिममधली पोरं आधी "नुसती पावडर" म्हणतात. मग एलएच आणि एफएसएच, म्हणजे मेंदूकडून अंडकोषांना हुकूम देणारी हार्मोन्स, जवळजवळ शून्य येतात आणि कागदच बोलतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदू स्वतःचा हुकूम बंद करतो, अंडकोष झोपी जातात, आणि टोचलेल्यातला काही भाग इस्ट्रोजेन होऊन बसतो. मोठी छाती कमवायला गेलेल्या पोराला ही छाती मिळते! इंजेक्शन थांबवलं तरी स्वतःच्या कारखान्याचं चक्र फिरायला महिने जातात. चकती वर्षभर राहिली की तिच्यात घट्ट तंतू धरतात, मग बहुतेकदा गोळीला दाद देत नाही, ऑपरेशनच लागतं.

केसांसाठी आणि प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड, गजकर्णावर दुकानातून परस्पर आणून खाल्लेली केटोकोनॅझोल, मानसिक आजाराची रिस्पेरिडोन, यांनीही होतं. पण ऐकून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरला विचारा, बहुतेक वेळा दुसरी असते.

काही जणांच्या छातीत मात्र ग्रंथी नसतेच, नुसती चरबी असते. आडवं झोपवून बोटांनी चाचपलं की फरक कळतो. हे डॉक्टरच्या हाताचं काम, माझ्या मशीनचं नाही.

घाई कुठे करायची तेही सांगतो. एकाच बाजूला, बोंडापासून सरकलेली, दगडासारखी टणक गाठ असेल, बोंड आत ओढलं गेलं असेल, रक्त येत असेल, तर वाट पाहू नका. स्तनाचा कॅन्सर पुरुषालाही होतो, स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. अंडकोषात गाठ लागली तरी तेच, कारण तिथल्या काही गाठी स्वतःच हार्मोन सोडतात. अंडकोष लहान आणि टणक असतील तर डॉक्टर क्रोमोसोम तपासतात, एक जादा एक्स असतो काहींना. थायरॉइडचं हार्मोन जास्त झाल्यानेही छाती वाढते.

राहिलं लिव्हर. गेल्या मे महिन्यात पारोळ्याकडचे एक आजोबा आले. अंगाची लाही होत होती आणि हे जाड बंडी घालून. "माले काय लाज या वयमा," म्हणाले, पण बंडी काढेनात. मग हळूच, "दुखस रे भाऊ, सदराबी टेकू देत नही." हातभट्टीने लिव्हर आधीच गेलेलं, तिथेच हार्मोनचं प्रमाण बिघडतं. वर पोटातलं पाणी कमी करायला स्पायरोनोलॅक्टोन चालू, जी टेस्टोस्टेरॉनची वाट अडवते. दोन्हीकडून मार. मुलाकडून औषधांची पिशवी घेतली, गोळीच्या नावावर पेनाने गोल केला आणि म्हटलं, हे तुमच्या डॉक्टरला दाखवा. त्यांनी गोळी बदलून दिली.

पावसाळ्यात लिव्हरचं रक्त द्यायला पुन्हा आले तेव्हा आजोबांच्या अंगात नुसता पातळ सदरा होता, वरची दोन बटणं उघडी. मी काही बोललो नाही, हात पुढे करा म्हटलं.